साखळीतला चौथा संघ

सामने दोन पद्धतींनी खेळविले जातात, बाद पद्धतीने आणि साखळी पद्धतीने. बाद पद्धतीत हरला तो घरी गेला. पुढे हिशेब ठेवण्यासारखे काही उरत नाही. साखळीचे तसे नाही. एका गटात चार संघ, प्रत्येकाने इतर तिघांशी खेळावयाचे, गुण मोजावयाचे, गुण सारखे झाले तर गोल मोजावयाचे, आणि पहिल्या दोघांनी पुढे सरकावयाचे. आज हरलेला उद्या जिंकू शकतो. इतकेच नव्हे, तर आपला संघ बिऱ्हाडी स्वस्थ बसलेला असताना भलत्याच दोघांच्या सामन्यावर त्याचे नशीब ठरते. सोयरीक जुळविताना एका घरचा होकार दुसऱ्या घरच्या नकारावर लटकलेला असावा, त्यातलाच हा प्रकार. अंतिम सामन्याचा गाजावाजा कितीही होवो, फुटबॉलच्या विश्वचषकात प्रेक्षकांच्या जिवाची खरी उलघाल पाहावयाची ती साखळीच्या पंधरवड्यातच.

गटात चार संघ असले की त्यांत एक चौथा असणारच. हा चौथा बहुधा स्पर्धेआधीच सर्वांनी ठरवून टाकलेला असतो. तो लांबून येतो, त्याच्या खेळाडूंची नावे निवेदकाच्या जिभेवर नीट बसत नाहीत, आणि इतर तिघे त्याच्याकडे गोलांची गंगाजळी म्हणून पाहतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आम्हा माणसांना या चौथ्याविषयी पहिल्यापासून ओढ. राज्याच्या कुठल्याही यादीत आमचे जिल्हे शोधावयाचे तर ती खालून वाचावयास घेणे सोयीचे पडते, त्याचाही हा परिणाम असेल.

तशी आमच्याकडच्या प्रेक्षकाला पक्ष घेण्याची सवय जुनीच. दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत मंडयांचे दिवस येतात. दिवसा कुठे शंकरपट, कुठे कबड्डी, आणि रात्री पहाटेपर्यंत नाटक. पटाच्या दाणीवर बैलजोडी सुटली की कोणी कोणासाठी ओरडावयाचे हे गावाच्या नावाने ठरलेले असते. तेथे विचार करावा लागत नाही. विश्वचषकाच्या दाणीवर मात्र आपल्या गावची जोडीच नसते. मग माणूस आपल्या मनाने पक्ष निवडतो, आणि त्या निवडीत त्याचा स्वभाव उघडा पडतो. कोल्हापूरकरांचे पाहा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी कुस्तीच्या आखाड्यांची नावे फुटबॉलच्या संघांना देणारे आणि शाहू स्टेडियमवर एकमेकांविरुद्ध हिरिरीने उभे राहणारे ते शहर विश्वचषक आला की गल्लीगल्लीने ब्राझील आणि अर्जेंटिना यांत वाटले जाते. मल्लविद्येच्या गावाने बलाढ्याचा पक्ष घ्यावा यात नवल नाही. आमच्या झाडीत पानठेल्यावर सामना लागला की पहिला प्रश्न येतो तो असा: "यातला गरीब कोनता होय जी?"

हा प्रश्न भाबडा वाटेल. पण त्याच्या मागे आपल्या देशाच्या फुटबॉलचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास उभा आहे. आपण कोणासाठी आणि कशासाठी टाळ्या वाजविल्या, तो इतिहास विजयांच्या यादीपेक्षा मला अधिक बोलका वाटतो.

भारताचे नाव विश्वचषकाच्या एका गटात एकदा घातले गेले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साल १९५०, ठिकाण ब्राझील. पात्रता फेरीतले इतर आशियाई देश आधीच गळाल्यामुळे भारताला जागा मिळाली, आणि तिसऱ्या गटात इटली, स्वीडन, पाराग्वे यांच्या पंक्तीला त्याचे पान मांडले गेले. ब्राझीलच्या संयोजकांनी प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलण्याचीही तयारी दाखविली. तरी आपण गेलो नाही. अनवाणी खेळण्यास बंदी होती म्हणून आपण गेलो नाही, ही गोष्ट आजही शाळाशाळांतून सांगितली जाते, आणि ती ऐकावयास गोडही लागते. कारण तीत दोष बुटांवर जातो. आपल्या फुटबॉल महासंघाने त्या वेळी दिलेली कारणे पुष्कळ रुक्ष होती: संघनिवडीवर एकमत नाही आणि सरावास वेळ पुरेसा नाही. खरे म्हणजे त्या काळी आपल्या लेखी ऑलिंपिक हेच सर्वस्व होते. दोनच वर्षांपूर्वी, ३१ जुलै १९४८ रोजी, बहुतेक अनवाणी खेळाडूंचा आपला संघ लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी १-२ असा लढून हरला होता, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. त्या पराभवाचे जे कौतुक झाले ते आपल्याला पुरले. विश्वचषक म्हणजे काय चीज आहे याचा अंदाज तेव्हा आपल्याला नव्हता.

आपली जागा रिकामी राहिल्यावर गट तिघांचाच उरला. वर्षभरापूर्वीच्या सुपेर्गाच्या विमान अपघातात इटलीचे कित्येक उत्तम खेळाडू गेले होते, त्या धास्तीने इटलीचा संघ बोटीने आला. तो स्वीडनकडून २-३ असा हरला. स्वीडन पुढे गेला आणि शेवटी तिसरा आला. चौथा संघ आलाच नाही म्हणून कोणाचे काही अडले नाही.

त्या स्पर्धेत दुसरेही एक नवल होते. तिला अंतिम सामनाच नव्हता. पहिल्या साखळीतून आलेल्या चौघांची पुन्हा साखळीच लावली होती, आणि १६ जुलै १९५० रोजी माराकाना क्रीडांगणावर झालेला ब्राझील-उरुग्वे सामना हा त्या साखळीतला एक सामना होता. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे लोळविले होते. त्याला नुसती बरोबरी पुरत होती. तिकिटे काढून आत आलेल्यांचा आकडा १,७३,८५० नोंदलेला आहे, आणि आत प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास माणूस होते असे म्हणतात. ब्राझीलने पहिला गोल केला, उरुग्वेने फेडला, आणि खेळाची अकरा मिनिटे उरली असताना घिजियाने दुसरा चढविला. त्यानंतर त्या दोन लाखांच्या जमावावर जी शांतता उतरली तिच्याविषयी ब्राझीलमध्ये अजून लिहिले जाते. जगातल्या प्रेक्षकांची सर्वांत प्रसिद्ध प्रतिक्रिया म्हणजे गप्प बसणे, आणि तीही साखळी सामन्यातली! ज्या लोकांनी विजयाखेरीज काही मागितलेच नव्हते त्यांचे ते गप्प बसणे होते. आपल्याकडे अशी शांतता कधी पडली नाही. आपण हरल्यावरही टाळ्याच वाजवीत आलो.

एक काळ मात्र निराळा होता. त्या काळाचे नाव सय्यद अब्दुल रहीम. हे गृहस्थ हैदराबादचे, आणि मूळ पेशाने शाळामास्तर. माझ्या व्यवसायबंधूंनी अभिमान धरावा अशी ही गोष्ट आहे. त्यांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक नेला. आमचा राजुरा तालुका राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यातच होता. तेव्हा थोड्या ओढाताणीने का होईना, रहीमसाहेब आमच्या शेजारचे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या हाताखाली १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळाले. १९५६ मध्ये मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. तेथे ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविताना तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे होते. हा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा गडी; ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू.

मग आले १९६० चे रोम. येथे ऑलिंपिक फुटबॉलचे गट पाडले होते, आणि आपल्या गटात हंगेरी, फ्रान्स, पेरू. पहिला सामना हंगेरीशी, २६ ऑगस्टला. (याच तारखेला बावीस वर्षांनी, १९८२ मध्ये, गडचिरोली जिल्हा जन्माला आला, त्याचा याच्याशी संबंध काही नाही, पण मास्तरला तारखा आठवतात.) हंगेरी म्हणजे त्या काळचे फुटबॉलचे विद्यापीठ. तिने त्या गटात पेरूला सहा आणि फ्रान्सला सात गोल मारले. भारताविरुद्ध तिला जिंकता आले ते २-१ असे. सिकंदराबादकडच्या तुळसीदास बलरामने आपला गोल केला. दुसऱ्या सामन्यात कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जीच्या गोलने आपण फ्रान्सच्या पुढे होतो. शेवटच्या दहा मिनिटांत फ्रान्सने बरोबरी साधली. तिसऱ्यात पेरूने आपल्याला ३-१ असे हरविले. साखळीचा तक्ता पुरा झाला तेव्हा भारत चौथा होता, गुण एक.

तो एक गुण फ्रान्ससारख्या देशाकडून काढलेला होता. आज असा गुण मिळाला तर गावोगावी फलक लागतील. त्या वेळी काय झाले? त्याच दिवसांत मिल्खासिंग चारशे मीटरमध्ये चौथा आला आणि हॉकीचे सुवर्णपदक पाकिस्तानकडे गेले. सारा देश त्या दोन दुःखांत बुडाला आणि फुटबॉलचा तो गुण कोणाच्या हिशेबातच आला नाही. मला हे वाईट वाटत नाही. त्यात एक प्रकारचा मानीपणा होता. जिंकता आला असता असा सामना बरोबरीत सुटला, तर त्याचा पेढा कशाला वाटावयाचा, अशी ती वृत्ती. पुढे आपला संघ ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये कधीच पोहोचला नाही, त्यामुळे तो एक गुण आज सोन्याच्या भावाचा झाला आहे, ही गोष्ट वेगळी.

दोन वर्षांनी जकार्ता. १९६२ च्या आशियाई खेळांत साखळीची सुरुवातच दक्षिण कोरियाकडून ०-२ अशा पराभवाने झाली. बाद पद्धत असती तर तेथेच गाशा गुंडाळावा लागला असता. साखळीने हात दिला: थायलंडला ४-१, जपानला २-०, उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२, आणि अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया. दरम्यान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना खेळांत येऊ दिले नाही, त्याला गुरुदत्त सोंधी या भारतीय क्रीडाधुरीणांनी उघड हरकत घेतली, आणि जकार्ता शहर भारतीयांवर उलटले. वकिलातीवर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबरला सुमारे लाखभर प्रेक्षकांपुढे आपला संघ उतरला तेव्हा ते लाखभर लोक त्याची हुर्यो उडवीत होते. थायलंडच्या सामन्यात डोके फुटलेला जर्नेलसिंग, मूळचा बचावपटू, कपाळाला टाके असताना आघाडीला खेळला आणि त्याने गोलही केला. आपण २-१ असे जिंकलो. त्या साऱ्या गदारोळात भारताच्या बाजूने ओरडणारा एक लहानसा कोपरा होता, तो पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. त्याच खेळांत हॉकीत आपल्याला हरवून सुवर्णपदक घेतलेली ही मंडळी! प्रेक्षक कोणाचा पक्ष केव्हा घेईल ते सरकारांना ठरविता येत नाही. त्या विजयी संघात गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता. तोही मुंबईत टाटांचा, महाराष्ट्राकडून खेळणारा. ते २०२१ साली वारले तेव्हा वृत्तपत्रांना त्यांची आठवण झाली.

रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी गेले. त्यानंतरचा आपल्या पुरुष संघाचा इतिहास भराभर सांगून टाकण्यासारखा आहे. १९६४ च्या आशिया चषकात दुसरा क्रमांक, १९७० च्या आशियाई खेळांत कांस्यपदक, आणि मग उतरण. उतरण सुरू झाली त्याच सुमारास दूरदर्शनने जगाचा फुटबॉल आपल्या माजघरात आणून ठेवला. १९८६ चा मेक्सिकोचा विश्वचषक रात्र-रात्र जागून पाहणारी एक पिढी तयार झाली. आपल्या घरी देवघर रिकामे, तेव्हा शेजारच्यांच्या देवाला नमस्कार, असे तिचे झाले. आमच्या भागात कोळशाच्या खाणींच्या वसाहतींत परप्रांतांतून आलेली माणसे होती. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे होती, आणि बंगाली माणसाला फुटबॉलचे वेड काही नव्याने शिकवावे लागत नाही.

मी स्वतः त्यात सापडलो तो १९९० साली. तारीख ८ जून, शाळेला सुट्टी, गावात मोजके दूरदर्शन संच. सलामीचा सामना गतविजेत्या अर्जेंटिनाचा, समोर कॅमेरून. कॅमेरून कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. एकाने शाळेचा नकाशा आणला आणि कंदिलाच्या उजेडात आम्ही तो देश शोधला, कारण मधल्या वेळात वीज गेली होती. वीज आली तेव्हा कॅमेरूनचा एक खेळाडू बाहेर काढलेला होता आणि ओमाम-बियिकने डोक्याने गोल केलेला होता. नंतर त्यांचा आणखी एक गेला. नऊ जणांनी मारादोनाच्या संघाला अडवून धरले. त्या रात्री आमच्या ओसरीवर झालेला आरडाओरडा ऐकून शेजारची म्हातारी, गावात वाघ शिरला म्हणून काठी घेऊन आली होती. (आमच्याकडे ही शंका अगदीच अस्थानी नसते.) पुढे रशियनांनी कॅमेरूनला ४-० असे हरविले, तरी साखळीत पहिला आला तो कॅमेरूनच. यादीतल्या शेवटच्याने पहिले यावे, याहून मोठे सुख खेळात नाही, असे मला तेव्हा वाटले, आजही वाटते.

पण चौथ्या संघावर जीव लावावा कसा हे ज्यांच्याकडून शिकावे अशी माणसे इंग्लंडमधल्या मिडल्सबरो या गावची. लोखंडाच्या भट्ट्यांचे, धुराचे, कामगारांचे हे गाव. आमच्या बल्लारपूर-घुग्घुसच्या माणसाला ते परके वाटू नये. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाचे सामने तेथे ठेवले होते. रशिया, इटली, चिली यांच्या गटातला हा ठरलेला चौथा. पहिल्या सामन्यात रशियाने तीन गोल मारले. पण या ठेंगण्या, चपळ खेळाडूंचा लाल रंग गावच्या स्वतःच्या संघाचाच रंग होता, आणि गाव त्यांच्या प्रेमात पडले. चिलीशी शेवटी शेवटी बरोबरी झाली. १९ जुलैला पाक दू-इकने इटलीविरुद्ध गोल केला, इटली स्पर्धेबाहेर फेकली गेली, आणि घरी परतल्यावर तिच्या खेळाडूंवर सडक्या टोमॅटोंचा मारा झाला. पुढचा सामना लिव्हरपूलला पोर्तुगालशी होता, तर मिडल्सबरोचे सुमारे तीन हजार लोक पदरमोड करून तेथे गेले. कोरियाने पहिल्या पंचवीस मिनिटांतच तीन गोल केले. मग युसेबियोने चार मारले आणि पोर्तुगाल ५-३ असा जिंकला. या गावकऱ्यांची मला विशेष वाटते ती गोष्ट अशी की, आपल्या पाहुण्यांनी बरे खेळावे एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी जिंकावे, अशी त्यांची मागणी होती.

आता २०१७ कडे येऊ. कारण ६७ वर्षांपूर्वी रिकामी राहिलेली जागा त्या वर्षी भरली, निदान मुलांच्या विश्वचषकात. सतरा वर्षांखालील मुलांची ही जागतिक स्पर्धा भारतात भरली. ६ ते २८ ऑक्टोबर, २४ संघ, सहा गट, सहा शहरे. त्यांत आपली नवी मुंबई आणि गोव्याचे मडगावही होते. यजमान म्हणून भारताला प्रवेश. वातावरण तापावे म्हणून १५ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा संकल्प सोडला, आणि शाळाशाळांना चेंडू पाठविले. आमच्या शाळेलाही मिळाले. खांबांची सोय आम्ही बांबूंनी केली. बांबूला आमच्याकडे तोटा नाही. मुली आधी बाजूला उभ्या होत्या, पाचव्या मिनिटाला आत होत्या. त्या दिवशी नियम कोणी पाळले नाहीत आणि चेंडू दोनदा नाल्यात गेला, पण सरकारी कार्यक्रमात मुले खरोखर हसताना मी क्वचित पाहिली आहेत, त्यांतला तो एक दिवस.

भारताच्या गटात अमेरिका, कोलंबिया, घाना. सामने दिल्लीला, रात्री आठ वाजता. संघात मणिपूरची बरीच मुले होती, आणि महाराष्ट्राला आपला म्हणता येईल असा कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला. अमेरिकेने ३-० असे हरविले. तिसऱ्या गोलची गंमत क्रूर होती: आपल्या अन्वर अलीचा फटका आडव्या खांबावर आदळून परत आला आणि त्याच धावेत अमेरिकेने आपल्यावर गोल केला. तरी दिल्लीच्या क्रीडांगणावरचे चाळीस हजारांहून अधिक लोक शेवटपर्यंत ओरडत राहिले.

९ ऑक्टोबरला कोलंबिया. सहामाही परीक्षा चालू, हलके धान कापणीला आलेले, आणि आमच्या नाक्यावरच्या पानठेल्यात वीस-पंचवीस माणसे एका लहान पडद्यापुढे उभी. मध्यंतरापूर्वी राहुलचा फटका खांबाला लागला. मध्यंतरानंतर लगेच पेन्यालोझाने कोलंबियाचा गोल केला. बराच वेळ काही घडले नाही. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कोपऱ्यातून चेंडू उचलला आणि थौबलच्या जीक्सनसिंगने उंच उडी घेऊन तो डोक्याने आत घातला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिलावहिला गोल! पानठेल्यावर कोणी कोणाला मिठी मारली ते सांगता येत नाही. माझ्या सदऱ्यावर दुसऱ्याच्या खऱ्र्याचे डाग होते. आम्ही अजून वळून पडद्याकडे पाहतो आहोत तोच, पुढच्याच मिनिटाला, त्याच पेन्यालोझाने दुसरा गोल केला होता. सामना १-२. घरी जाताना एक शेतकरी समाधानाने म्हणाला, "मिनिटभर तं होतो ना जी गुरुजी बरोबरीत!"

तीन दिवसांनी घानाने चार गोल मारले. अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांचेही गुण सहा-सहा झाले; घाना पहिला आला तो गोलांच्या फरकाने, आणि तो फरक त्याने आपल्यावरच कमावला होता. आपल्या खात्यात गुण शून्य, एक गोल केलेला, नऊ घेतलेले. पोरे मैदानावर रडत होती, आणि देशभर त्यांचे कौतुक चालले होते.

कौतुक करू नये असे माझे म्हणणे नाही. पोरांनी जीव टाकला. पण मला त्या शेतकऱ्याच्या वाक्याने झोप आली नाही. फ्रान्सशी पूर्ण सामन्याची बरोबरी ज्या देशाने न मोजता सोडून दिली, तोच देश एका मिनिटाच्या बरोबरीवर धन्य व्हावा, हा प्रवास कसा झाला? उत्तर मला वाटते असे आहे: इतकी वर्षे आपण दुसऱ्यांच्या चौथ्या संघाला टाळ्या देत आलो, आणि त्या टाळ्यांना मागणी अशी काही नव्हती. कॅमेरून हरला असता तरी आमचे काय जाणार होते? तीच सवय आपण घरच्या मुलांना लावली. मिडल्सबरोचा माणूस परक्यांकडे विजय मागत होता. आपण आपल्यांकडे नुसते दर्शन मागितले.

त्याच स्पर्धेत एक दुसरा चौथा होता, न्यू कॅलेडोनिया. पॅसिफिक महासागरातले फ्रान्सच्या ताब्यातले बेट. लोकसंख्या तीन लाखांहून कमी. २०११ च्या खानेसुमारीत आमचा एकटा गडचिरोली जिल्हा पावणेअकरा लाखांचा भरला होता, म्हणजे ह्या देशात आमच्या दोन-तीन तालुक्यांएवढी माणसे. पहिल्यांदाच आलेल्या या संघाने फ्रान्सकडून सात आणि होंडुरासकडून पाच गोल खाल्ले. तिसरा सामना जपानशी, १४ ऑक्टोबरला, साखळीच्या शेवटच्या दिवशी. जपानने लवकरच गोल केला. खेळ संपत आला असता येनो नावाच्या पोराने तो फेडला आणि सामना १-१ असा सुटला. बेटवाले एक गुण घेऊन घरी गेले. स्पर्धेला एकूण १३,४७,१३३ प्रेक्षक आले, या वयोगटातला तो विक्रमच. त्याचा आपल्याकडे फार डंका झाला. त्या बेटाच्या गुणाची बातमी मला आतल्या पानावर सापडली होती.

नंतरच्या विश्वचषकांनी चौथ्या संघाचे आणखी रंग दाखविले. २२ नोव्हेंबर २०२२ ला सौदी अरेबियाने मेस्सीच्या अर्जेंटिनाला २-१ असे हरविले. आपल्याकडे दुपारचे साडेतीन, शाळा भरलेली. शिक्षकांच्या खोलीत एका मोबाइलभोवती सहा डोकी, आणि वर्गांत विलक्षण शिस्त, कारण मोठ्या मुलांनाही निकाल ऐकावयाचा होता. सौदीच्या राजाने दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर केली. साखळी संपली तेव्हा अर्जेंटिना पहिला होता, महिन्याभरात जगज्जेता झाला. आणि त्याला हरविणारा सौदी त्या गटात चौथा! पुढे १ डिसेंबरला, आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, जपान स्पेनवर आणि कोस्टारिका जर्मनीवर एकाच वेळी पुढे होते, आणि तीन-एक मिनिटे स्पेन व जर्मनी हे दोन्ही माजी जगज्जेते घरी चालले होते. शेवटी एकटी जर्मनी गेली.

पण २०२२ मला आठवते ते मुलींसाठी. जानेवारीत महिलांचा आशिया चषक महाराष्ट्रात भरला. विश्वचषकाची दारे त्यातूनच उघडणार होती. नवी मुंबईला २० तारखेला इराणशी ०-० अशी बरोबरी झाली, करोनामुळे प्रेक्षकांना मज्जाव असलेल्या क्रीडांगणावर. २३ ला चिनी तैपेईशी सामना होता. त्या दिवशी आपल्या संघात डझनभर मुली आजारी निघाल्या, अकरा जणी उभ्या करता येईनात, आणि भारताने स्पर्धा सोडली असे धरण्यात आले. खेळलेला सामनाही रद्द. १९५० चे रिकामे पान पुन्हा मांडले गेले, ते आपल्याच घरी.

ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आला. कर्णधार होती अस्तम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, आमच्यासारख्याच जंगलमुलखातली आदिवासी पोर. तिच्या गावाला धड रस्ता नव्हता. ती कर्णधार झाल्यावर त्याचे काम सुरू झाले. ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरला अमेरिकेने भारताला आठ गोल मारले. मग मोरोक्कोने तीन, ब्राझीलने पाच. आपला एकही नाही.

१२ तारखेला मी वर्गात गेलो तो पाठीवर हात फिरविण्याच्या तयारीने. चांगले लढल्या, लहान आहेत, पुढच्या वेळी, असे चार शब्द मनात जुळवून ठेवले होते. आठवीतल्या मुली फणफणलेल्या होत्या. "आठ?" एकीने विचारले. "आठ कसे होतात जी गुरुजी? गोल रुंद असते का तिकडं?" मला आकडा पाठ होता, मी फळ्यावर लिहिला, ७ मीटर ३२ सेंटिमीटर. मधल्या सुट्टीत त्यांनी कपाटातली टेप मागून नेली. आमच्या दोन बांबूंमधले अंतर पाच मीटरही भरले नाही. शाळा सुटण्याच्या आत त्यांनी एक बांबू उपटला, पावले मोजीत पलीकडे नेला, आणि दोघीजणी नव्या जागी पहारीने खड्डा खणू लागल्या.